मॉनमथचा पूल ओलांडल्यावर: ओव्हरमॉनोचा इतिहास

वायकाठ

वेल्समधल्या मॉनमथला आलेला पाहुणा एक फोटो हमखास काढतो: मॉनो नदीवरचा लाल दगडाचा पूल आणि त्या पुलाच्या मधोमध, पाण्यावर उभा असलेला दरवाजाचा बुरूज. फोटो झाला की मंडळी मागे फिरतात आणि मॉनो स्ट्रीटवर कॉफी प्यायला जातात. बुरुजाखालून पलीकडे फार थोडे जातात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

पलीकडे जी वस्ती आहे ती ओव्हरमॉनो. मॉनमथ हे बाजाराचं गाव दोन नद्यांच्या बेचक्यात वसलंय. एका अंगाला वाय, दुसऱ्या अंगाला मॉनो. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर थोड्याच वर्षांत विल्यम फिट्झऑसबर्न या नॉर्मन सरदाराने मॉनोच्या काठावर किल्ला बांधला. पुढे याच किल्ल्यात इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री जन्मला. किल्ल्यापासून उतरत रस्ता पुलाशी येतो. राजे, सरदार, प्रायरी (ख्रिस्ती मठ), मोठी शाळा, सगळं पुलाच्या अलीकडे. पलीकडे कारागीर. पण मॉनमथचं नाव ज्या वस्तूने समुद्रापार नेलं, ती लोकरीची विणलेली 'मॉनमथ टोपी', या पलीकडच्या लोकांची. सोळाव्या-सतराव्या शतकात ओव्हरमॉनोला टोपीवाल्यांची वस्ती म्हणूनच ओळखायचे.

तिथे अजून बघायला काय आहे? बाराव्या शतकातलं सेंट थॉमसचं चर्च. 'क्लाव्ध दी', म्हणजे वस्तीभोवती खणलेला मध्ययुगीन खंदक, ज्याचे तुकडे आजही दिसतात. आणि सिंडरहिल स्ट्रीट, जिथे लोखंड गाळल्याची मळी शतकानुशतकं साचत गेली.

आता माझा प्रश्न. पुलावरचा दरवाजा शहराचं रक्षण करतो आणि ओव्हरमॉनोला बाहेर ठेवतो. शहराची कमाई जिथून होते तीच वस्ती दाराबाहेर कशी? हे दार शत्रूसाठी होतं की जकातीसाठी? जाणकारांनी लिहावं. माझा कल जकातीकडे आहे.

शुभ्रा_म

वा, मस्त धागा! आम्ही तो पूल पाहिलाय आणि अगदी तुम्ही लिहिलंय तस्संच फोटो काढून परत फिरलोय. वाचतेय.

दगडूशेट

जकात वगैरे नंतर. आधी पूल नीट पाहू.

आजचा दगडी पूल तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, साधारण १२७२ च्या आसपासचा धरतात. त्याआधी तिथे लाकडी पूल होता. १९८८ साली पूरनियंत्रणाचं काम चालू असताना पुलाखाली जुनी लाकडं सापडली. त्यांच्या वर्तुळांवरून झाडं ११२३ ते ११६९ च्या दरम्यान तोडलेली निघाली. म्हणजे बाराव्या शतकातच पलीकडे जायची एवढी गरज होती की भक्कम पूल बांधावा लागला. ओव्हरमॉनो तेव्हाही रिकामं माळरान नव्हतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

बुरूज मागाहून चढवला, तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या सुरुवातीला. पुलावरच दरवाजाचा बुरूज उभा आहे असा मध्ययुगीन पूल ब्रिटनमध्ये आता हा एकच उरलाय.

आणि वायकाठ, तुमच्या जकातवाल्या कलाला माझा विरोध. पश्चिमेकडून, म्हणजे ओव्हरमॉनोच्या बाजूने बुरुजाकडे मान वर करून बघा. दाराच्या वर तीन कमानी पुढे आल्यात आणि त्यांच्या खाली पोकळी आहे. वरून खालच्या माणसाच्या डोक्यावर दगड टाकायची ती सोय. दारातून जाताना भिंतीत उभी खाच दिसते, त्यात लोखंडी जाळीचं दार वरखाली सरकायचं. जकात घ्यायला कुणी डोक्यात दगड घालत नाही. तो सगळा बंदोबस्त लढाईचा आहे, आणि त्याचं तोंड ओव्हरमॉनोकडे आहे.

जकातनाका

माझं सदस्यनाम बघता मी कुठल्या बाजूने बोलणार हे उघड आहे :)

दगडूशेट, बुरूज लढाऊ दिसतो हे मान्य. पण मॉनो ही काही फार मोठी नदी नाही. पाणी कमी असताना ती पुलापासून थोड्या अंतरावर पायी उतरून पार करता येते. ज्याला शहरावर चालून यायचंय तो जाळीच्या दारासमोर ताटकळत का थांबेल? उतारावरून जाईल. उतारावरून कोण जाणार नाही? धान्याची गाडी, मेंढरांचा कळप, लोकरीचे गठ्ठे लादलेली घोडी. त्यांना पूलच हवा. म्हणून दार पुलावर.

मॉनो स्ट्रीटचा आकारही बघा. दोन्ही टोकांना अरुंद, मधे रुंद. तो रस्ताच बाजाराचं मैदान होता. पुलाच्या दारातून शिरलं की बाजारात. गावाची रचनाच सांगते की ते दार बाजाराचं आहे.

दगडूशेट

पायी उतार आहे म्हणून सैन्य येत नाही असं नसतं. १२३३ साली आलंच की! २५ नोव्हेंबरला मॉनमथची लढाई झाली. पेम्ब्रोकचा अर्ल रिचर्ड मार्शल तिसऱ्या हेन्रीविरुद्ध उठला होता, आणि राजाच्या बाजूने गावात बाल्डविन ऑफ गीन होता. त्या धामधुमीत लाकडी पूल आणि सेंट थॉमसचं चर्च, दोघांनाही आग लागली. ज्या गावाच्या आठवणीत ही आग ताजी आहे ते गाव नवा पूल दगडाचा करणार आणि त्याला दार बसवणार. यात नवल काय?

आणि जळलं काय ते बघा. पलीकडचं चर्च. आगीची झळ पोचली ती ओव्हरमॉनोला. म्हणूनच त्या लोकांनी स्वतःभोवती खंदक खणला असणार.

कावेरी_ताई

चर्चचा विषय निघालाय तर थोडं लिहिते. मी आत गेले आहे.

थॉमस बेकेट या आर्चबिशपचा ११७० साली कँटरबरीत खून झाला आणि ११७३ मध्ये त्याला संतपद मिळालं. म्हणजे त्याच्या नावाचं चर्च ११७३ च्या आधीचं असू शकत नाही. आणि आतली कमान आहे नॉर्मन धाटणीची, जी बाराव्या शतकाबरोबर मागे पडत गेली. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की चर्च कधी उभं राहिलं ते बऱ्यापैकी जवळ येतं. संत नवा, लोकप्रियता ताजी, आणि कारागिरांच्या वस्तीने लगेच त्याचं नाव उचललं. मला हे फार जिवंत वाटतं.

कमान मुद्दाम जवळ जाऊन बघावी. लाल वालुकाश्म, त्यावर नागमोडी नक्षी. दगड मऊ आहे, हात फिरवला तर कणी सुटेल की काय असं वाटतं (हात लावू नये!). बाहेरून मात्र चर्च बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं दिसतं, त्यामुळे लोक आत न डोकावताच पुढे जातात.

सुईधागा

अहो, टोपीबद्दल कुणी बोलणार की नाही? मी त्याचसाठी धागा उघडलाय.

जुन्या मॉनमथ टोप्यांपैकी आज हाताशी असलेली एकच धरतात, सोळाव्या शतकातली, आणि ती मॉनमथच्या संग्रहालयात आहे. मी तिच्या नमुन्यावरून स्वतः टोपी विणली आहे, तेव्हा हातातली गोष्ट सांगते. जाड, दोन पदरी, भरड लोकर, तपकिरी. काठापासून सुरुवात करून गोल विणत वर जायचं, सगळे सुलट टाके. काठ दुमडून दुहेरी करायचा, म्हणजे कानाजवळ जाड आणि उबदार पट्टी येते. वर पोचलं की टाके कमी करत आणायचे आणि शेंड्याला लोकरीचंच बारीक बटण. काठाला एक फास असतो, टोपी खुंटीला किंवा पट्ट्याला अडकवायला. शिवण कुठेच नाही.

पण विणून झाली म्हणजे टोपी झाली असं नाही. खरं काम पुढे. विणलेली ढगळ टोपी ओली करून तुडवायची, घोळायची, परत तुडवायची. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, टोपी आटते, टाके दिसेनासे होतात, आणि पाऊस आत शिरत नाही. याला मुबलक पाणी लागतं. टोपीवाले नदीकाठीच का राहिले याचं उत्तर तिथे आहे.

लोकरही खास. शेजारच्या हेरफर्डशायरात रायलँड जातीच्या मेंढ्या. त्यांच्या लोकरीला लेम्स्टरचं सोनं म्हणायचे, लेम्स्टर हे तिथलं लोकरीच्या बाजाराचं गाव. सोनं दोन पावलांवर आणि पाणी दारात!

शुभ्रा_म

सुईधागाताई, विणकामाचं असं वर्णन फार दिवसांनी वाचलं. टोपीचा फोटो टाका ना.

बाळकडू

एक शंका. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीच्या नाटकात फ्लुएलेन नावाचा वेल्श कॅप्टन मॉनमथ टोपीत लीक (कांद्याच्या जातीची भाजी, वेल्श लोकांची खूण) खोवण्याचं बोलतो ना? तीच टोपी का ही?

सुईधागा

तीच. नाटक १५९९ च्या सुमाराचं. तोवर टोपीचं नाव लंडनच्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं, यावरून पसारा लक्षात घ्या. सैनिक आणि खलाशी ती घालायचे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सला वसाहत करायला निघालेल्या लोकांच्या सामानाच्या यादीतही मॉनमथ टोप्या आहेत.

आणि एक गंमत. १५७१ साली पहिल्या एलिझाबेथच्या पार्लमेंटने कायदा केला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी इंग्लंडात तयार झालेली लोकरीची टोपी घातलीच पाहिजे. सरदार-उमराव वगळून. नाही घातली तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. टोपीचा धंदा बसत चालला होता, त्याला टेकू द्यायला हा खटाटोप. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला, कारण लोक ऐकेनात.

बाळकडू

'टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही' हा कायदा माझ्या आजीने आधी वाचला असणार. दंड मात्र तिने पैशात घेतला नाही.

गणपुले_क

टोपीवाल्यांबद्दल थोडी भर. १६६२ मध्ये थॉमस फुलर या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलंय की सगळ्यात चांगल्या टोप्या पूर्वी मॉनमथला व्हायच्या आणि तिथल्या चर्चमध्ये टोपीवाल्यांचं चॅपेल (प्रार्थनेचं छोटं दालन) अजून आहे, बाकी चर्चपेक्षा जास्त कोरीव आणि सोनेरी मुलाम्याचं. पुढे मॉनमथला प्लेगची मोठी साथ आली आणि धंदा वूस्टरशायरातल्या ब्यूडलीला गेला, असंही तोच सांगतो. नाव मात्र मॉनमथचंच राहिलं. अठराव्या शतकात डॅनियल डीफो लिहितो की ब्यूडलीच्या या टोप्या मुख्यतः डच खलाशी घेतात.

पण वायकाठ, तुमच्या मांडणीतली एक गोष्ट मला पटत नाही. सगळी टोपी ओव्हरमॉनोचीच, असं म्हणू नये. विणकाम घरोघरी चालणारं काम. एक बाई सूत कातते, दुसरी विणते, तिसऱ्या घरात तुडवणं आणि रंगवणं. हे जाळं आसपासच्या खेड्यांत पसरलेलं असणार. ओव्हरमॉनोला माल एकत्र यायचा, शेवटचा हात फिरायचा आणि विकला जायचा, असं चित्र मला जास्त बरोबर वाटतं. आणि चॅपेल कुठे होतं? फुलर मॉनमथच्या चर्चबद्दल बोलतोय. टोपीवाल्यांनी पैसा खर्च केला तो पुलाअलीकडे, प्रतिष्ठेच्या जागी. तेव्हा 'अलीकडे राजे आणि पलीकडे कारागीर' इतकी सरळ रेघ ओढता येत नाही.

वायकाठ

गणपुले, विणकाम पसरलेलं होतं हे पटतं. चॅपेलवरून मी मात्र वेगळा निष्कर्ष काढतो. पलीकडे राहणारे लोक अलीकडच्या चर्चचा सगळ्यात झगमगीत भाग स्वतःच्या पैशाने उभा करतात, म्हणजे त्यांच्या हातात पैसा होता आणि तो शहराला दिसावा अशी त्यांची इच्छा होती. दाराबाहेर राहणाऱ्यांनी दाराच्या आत केलेली ती खूण आहे.

लोहारकी

सिंडरहिल स्ट्रीटचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. माझं शिक्षण धातुशास्त्रात झालंय.

जुन्या पद्धतीत लहान भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवायचे. उष्णता लोखंड वितळवण्याइतकी नसायची. लोखंडाचा स्पंजासारखा गोळा मिळायचा, आणि मळी वेगळी वाहून जायची. पण या मळीत भरपूर लोखंड शिल्लक राहायचं. वायच्या पलीकडे डीनचं जंगल आहे, तिथे खनिजही आणि कोळशाला लाकूडही. त्या जोरावर मॉनमथला रोमन काळापासून लोखंडाचं काम चाललं (रोमनांचं इथलं ठाणं म्हणजे ब्लेस्टियम), आणि मध्ययुगात ओव्हरमॉनोत मळीचे ढीग लागले.

खरी मजा पुढे. सतराव्या शतकात या भागात मोठ्या झोतभट्ट्या आल्या. त्यांच्या उष्णतेत जुन्या मळीतलं उरलेलं लोखंडही निघायला लागलं. मग काय, लोकांनी पूर्वजांचा टाकाऊ ढीग खणून विकायला काढला! घराखालची, परसातली मळी बाहेर निघाली. रस्त्याचं नाव तेवढं मागे राहिलं.

म्हणजे टोपीचा धंदा ब्यूडलीला सरकत होता त्याच शतकात या वस्तीला पायाखालच्या मळीने थोडा आधार दिला. हे मला टोपीइतकंच मोलाचं वाटतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

कावेरी_ताई

लोहारकी, हे अजिबात माहीत नव्हतं. आता तिथून चालताना पायाखाली बघेन.

नवखा_१

बाळबोध प्रश्न आहे. मॉनमथ नक्की वेल्समध्ये का? माझ्या ऑफिसातला एक जण छातीठोकपणे इंग्लंड म्हणतो.

गणपुले_क

आज निःसंशय वेल्समध्ये. गोंधळाला कारण आहे. आठव्या हेन्रीच्या काळात वेल्सच्या कारभाराचे कायदे झाले. पहिल्याने मॉनमथशायर परगणा तयार झाला, पण १५४२ च्या कायद्यात वेल्ससाठी वेगळी न्यायालयं नेमली तेव्हा हा परगणा त्यातून वगळून ऑक्सफर्डच्या फिरत्या न्यायालयाला जोडला. तेव्हापासून सरकारी कागदांत 'वेल्स आणि मॉनमथशायर' असं जोडनाव चाललं. १९७२ च्या कायद्याने, तो १९७४ पासून लागू झाला, हा घोळ मिटला.

एका खटल्यामुळे मॉनमथचं नाव १८४० मध्ये देशभर गाजलं. १८३९ च्या नोव्हेंबरात न्यूपोर्टला चार्टिस्टांचा उठाव झाला, सैनिकांच्या गोळीबारात वीसच्या वर माणसं मेली. जॉन फ्रॉस्ट, झेफनाया विल्यम्स आणि विल्यम जोन्स यांच्यावर मॉनमथच्या शायर हॉलमध्ये राजद्रोहाचा खटला चालला. शिक्षा काय? फाशी देऊन देहाचे चार तुकडे! नंतर ती बदलून तिघांना टास्मानियाला धाडलं. मतदानाचा हक्क मागणाऱ्या माणसांना ही शिक्षा, आणि तीही १८४० साली. वाचताना अंगावर काटा येतो.

दगडूशेट

अरे, ही माझ्या बाजूची साक्ष झाली की! त्या उठावाच्या भीतीने १८३९ मध्ये पुलावरच्या बुरुजात सैनिक बसवले होते. पाचशे वर्षांहून जुनं दार पुन्हा लढाईला सज्ज, आणि तेही खाणीतल्या नि कारखान्यातल्या कामगारांविरुद्ध.

जकातनाका

पण त्याआधीची शतकं तिथे बसलेला माणूस कोण होता? बाजाराला येणाऱ्यांकडून पैसे घेणारा. कधी तुरुंग, कधी पहाऱ्याची खोली, कधी कुणाचं राहतं घर, असं त्या बुरुजाचं आयुष्य गेलं. सैनिक क्वचित, वसुली रोजची.

रेल्वेवेडा

थोडं अवांतर, पण नदीच्या याच अंगाचं. मॉनमथ ट्रॉय स्टेशन गावाच्या बाहेर, नदीपलीकडे होतं. १८५७ मध्ये सुरू झालं, १९५९ च्या जानेवारीत प्रवासी गाड्या बंद झाल्या. स्टेशनची दगडी इमारत मात्र मेली नाही. एकेक दगड काढून ती ग्लॉस्टरशायरातल्या विंचकूमला नेली आणि तिथल्या वारसा-रेल्वेवर परत उभी केली. तिथे उतरलात तर मॉनमथच्या भिंतींना टेकून गाडीची वाट बघता येते.

रेल्वे गेली आणि मोटारी आल्या. १९६० च्या दशकात ए-४० हा रुंद रस्ता वायच्या काठाने काढला. गाव आणि वाय यांच्यामध्ये कायमची भिंत पडली. ज्या नदीतून सपाट तळाच्या शिडाच्या होड्या हेरफर्डपर्यंत माल न्यायच्या, त्या नदीकडे आज भुयारी वाटेने जावं लागतं. गावाला मोकळेपणी भेटणारी नदी आता मॉनोच.

शुभ्रा_म

आणि मोटारी त्या जुन्या पुलावरूनही जायच्या का? त्या कमानीतून?

दगडूशेट

जायच्या तर! मधल्या एकाच कमानीतून, आळीपाळीने. पायी चालणाऱ्यांसाठी बाजूच्या दोन वाटा एकोणिसाव्या शतकात फोडल्या, त्याआधी माणूस, गुरं, गाड्या सगळे एकाच दारातून. १९८२ साली एका दुमजली बसने पुलाचं बरंच नुकसान केलं. शेवटी २००४ मध्ये जवळच नवा पूल झाला आणि जुन्यावर वाहनं बंद झाली.

पाचगणीकर

धाग्यात उडी मारतोय, कारण ओव्हरमॉनोतून निघणाऱ्या रॉकफील्ड रोडचा आमच्या गावाशी संबंध आहे.

त्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की रॉकफील्ड स्टुडिओ. वॉर्ड बंधूंनी आपल्या शेतावरच्या गोठ्यांत १९६० च्या दशकात सुरू केलेला, राहण्याची सोय असलेला. कलाकारांनी तिथेच मुक्काम ठोकायचा आणि दिवसरात्र ध्वनिमुद्रण करायचं. १९७५ मध्ये 'क्वीन'ची मंडळी तिथे आली आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा काही भाग तिथे मुद्रित झाला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा, आणि हा मुलगा शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पियानोचे धडे आणि शाळेतल्या बँडमधली पहिली वाजवावाजवी तिथलीच. त्या शाळेवरून जाताना आम्ही अजून पाहुण्यांना सांगतो.

वायकाठ

पाचगणीकर, मन भरून आलं. त्या रस्त्यावरून मी नेहमी जातो, आता वेगळ्या नजरेने जाईन. त्याच रस्त्यालगत पार्क ग्लिंडूर ही नवी वसाहत बांधताना प्राचीन, केव्हाच आटून गेलेल्या तळ्याचा काठ आणि जमिनीत कोरलेले लांब चर सापडले होते. स्थानिक पुरातत्त्ववाल्यांनी २०१३ मध्ये ते होड्या बांधण्याच्या जागेचे म्हणून मांडले. नदीकाठच्या जमिनीत कुदळ मारली की काही ना काही निघतंच.

मधुरा_कार्डिफ

इतिहास छानच, पण पुराबद्दल कुणी लिहिलं नाही. नदीकाठच्या वस्तीचा इतिहास पुराशिवाय कसा पुरा होईल?

मॉनो येते ब्लॅक माउंटन्समधून. उतार तीव्र, पाणी झपाट्याने चढतं. वाय येते दूर प्लिनलिमनच्या डोंगरातून, तिचं पाणी सावकाश पोचतं पण बराच काळ चढून राहतं. वाय भरलेली असताना मॉनो आली तर तिला तोंडच मोकळं मिळत नाही आणि पाणी मागे फुगतं. २०२० च्या फेब्रुवारीत डेनिस वादळात वायने मॉनमथला आधीची नोंद मोडली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात क्लॉडिया वादळात मॉनो एका रात्रीत गावात शिरली. मॉनो स्ट्रीटच्या दुकानांत पाणी, माणसांना बोटीतून काढावं लागलं. माझ्या ओळखीचं एक कुटुंब त्या भागात राहतं. तळमजल्यावरचं सगळं फेकावं लागलं, आणि विमा कंपनीशी पत्रापत्री करता करता ते थकून गेले. पूल मात्र उभा राहिला.

पुलाखालची ती बाराव्या शतकातली लाकडंही पूरनियंत्रणाच्या कामातच सापडली होती, हे दगडूशेटनी वर लिहिलंय. पुराने काय काय दाखवलं!

कावेरी_ताई

मधुरा, त्या कुटुंबाचं वाचून वाईट वाटलं. सावरू देत लवकर.

गणपुले_क

मूळ प्रश्नाकडे येतो. दगडूशेट आणि जकातनाका दोघेही एका कागदाजवळून जाऊन पुढे गेले.

१२९७ मध्ये पहिल्या एडवर्डने मॉनमथला तटबंदी बांधायची परवानगी दिली, १३१५ मध्ये ती परत मिळाली. या परवानगीचा अर्थ काय असायचा? गावात विकायला येणाऱ्या मालावर गावाने ठराविक काळ कर बसवायचा आणि त्या पैशातून भिंती उभारायच्या. म्हणजे तटबंदी जकातीच्या पैशातून. पुलावरचा बुरूज याच काळातला. जकात गोळा करायला दार लागतं, दार बांधायला जकात लागते. ज्याने ते बांधलं त्याच्या डोक्यात 'लढाई की वसुली' हा प्रश्नच नसेल. वरच्या छिद्रांतून दगड टाकता येतो ही भीती घालायलाही उपयोगी आणि खरंच टाकायलाही.

आणि त्या कराचा बोजा कुणावर? पुलावरून माल आणणाऱ्यांवर. पश्चिमेकडून येणारी लोकर, धान्य, गुरं ओव्हरमॉनोतूनच येत होती. ज्या भिंतीने ओव्हरमॉनोला बाहेर ठेवलं तिचे पैसे त्याच रस्त्याने आले. म्हणूनच क्लाव्ध दी मला पुलाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दगडूशेट

हे पटलं. छिद्रांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही, पण पैसा कुठून आला हे यात नीट बसतं.

जकातनाका

माझ्याकडून +१. नाक्यावर दगड ठेवायलाही हरकत नाही मग.

लोहारकी

क्लाव्ध दी प्रत्यक्ष बघायचा तर कुठून जायचं? उन्हाळ्यात जायचा विचार आहे.

वायकाठ

पूल ओलांडा, समोरच सेंट थॉमस. आत डोकावून कावेरीताईंनी लिहिलेली कमान बघा. तिथून सिंडरहिल स्ट्रीट धरा. वस्तीच्या दक्षिण अंगाला घरांच्या मागून खंदकाची रेघ जाते, काही ठिकाणी अजून पाणी धरून असते. त्यावर लहानसा एक-कमानी दगडी पूल आहे, तोही मध्ययुगीन. गवत वाढलेलं असतं, कपडे त्या बेताने घाला. पावसाळी दिवशी गेलात तर खंदक ओळखायला सोपा, पण बूट खराब होतील.

मग ड्रायब्रिज स्ट्रीटने परत या. टोपीसाठी संग्रहालय पुलाच्या अलीकडे, गावात. जाण्याआधी ते उघडं आहे का ते तपासा. सुईधागाताई, तुमच्या टोपीचा फोटो अजून आलेला नाही.

सुईधागा

टाकते. आणि लोकर कुठली घ्यायची असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते: रायलँड मेंढ्या आजही पाळतात आणि तिची लोकर मिळते. मऊ, धुतल्यावर आकार बदलणारच नाही अशी लोकर घेऊ नका, ती तुडवून आटत नाही. डोक्याच्या मापापेक्षा बरीच मोठी विणा, मग गरम पाण्यात घोळा. पहिल्यांदा भीती वाटते की टोपी हातची गेली. घोळत राहा.